जस्टिन बीबरची दिल्लीची तारीख आणि फोंड्याचे अकरा जण

प्रकरण थोडक्यात असं. जून २०२२ मध्ये गोव्यातल्या आमच्या फोंड्यातल्या अकरा पोरापोरींनी पॉप गायक जस्टिन बीबरच्या दिल्लीच्या शोची तिकिटं काढली, सप्टेंबरात तो शो रद्द झाला, शोच्या तिकिटाचे पैसे अकराही जणांना परत आले, आणि तरीही त्यातल्या काहींचे माणशी दहा हजारांच्या वर बुडाले तर काहींचे चारशेच्या आसपास. एकच शो, एकच तारीख, एकच गाव. मग फरक कुठे पडला? हे लिहायचा हक्क मला आहे कारण विमानाचं बुकिंग माझ्याच काउंटरवरून झालं आणि त्यातली मोठी चूकही माझीच होती.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. बाजारात माझं तिकीट बुकिंगचं छोटं दुकान आहे, बस रेल्वे विमान सगळं करतो. भाची बीबरची फॅन, म्हणजे भिंतीवर पोस्टर वगैरे तसली. २०१७ ला तो पहिल्यांदा भारतात आला, १० मे, नेरूळचं डी वाय पाटील स्टेडियम, 'पर्पज' अल्बमची टूर. तेव्हा ही तेरा वर्षांची, घरच्यांनी सोडलं नाही. तिचे दोन मावसभाऊ रात्रीच्या बसने गेले आणि परत येऊन सांगत होते की अर्धी गाणी तर रेकॉर्डवरच वाजत होती, हा नुसता ओठ हलवत होता. तशा बातम्या पेपरातही आल्या होत्या. पण हिला त्याचं काही नाही, ही म्हणायची, मला बघायचाच आहे, ओठ हलवू दे नाहीतर काही करू दे.

त्यानंतर दोन महिन्यांनी, जुलै २०१७ मध्ये, त्याने त्या टूरचे उरलेले शो रद्द केले. ही गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

आता 'जस्टिस'ची टूर, दिल्लीचा शो ज्यातला. अल्बम आला १९ मार्च २०२१ ला. पण टूर खरी ठरली होती त्याच्या आधीच्या 'चेंजेस' अल्बमसाठी, तो फेब्रुवारी २०२० चा, आणि शो मे २०२० पासून होणार होते. मग कोविड. तारखा पुढे गेल्या, मधे नवा अल्बम आला, टूरचं नाव बदललं, आणि शेवटी १८ फेब्रुवारी २०२२ ला सॅन डिएगोत पहिला शो झाला. म्हणजे अमेरिकेत कितीतरी लोकांनी तिकीट काढलं एका अल्बमसाठी आणि ऐकला दुसरा. लग्न ठरवावं एकाशी आणि मांडवात उभा राहावा त्याचा धाकटा भाऊ, तसं. पण कुणाची तक्रार नव्हती, कारण आजकाल उलटंच आहे, पूर्वी अल्बम खपावा म्हणून टूर करायचे, आता स्ट्रीमिंगमधून गाण्यामागे थोड्याशा पैशांचाच हिशोब असतो, त्यामुळे खरी कमाई स्टेजवर, आणि नवा अल्बम म्हणजे टूरला निघायचं निमित्त.

दिल्लीची तारीख होती १८ ऑक्टोबर २०२२, मंगळवार, जवाहरलाल नेहरू स्टेडियम. तिकीट चार हजारांपासून सुरू, विक्री ४ जूनला उघडली. भाचीने आणि तिच्या ग्रुपने त्या दिवशी पाच-सहा मोबाइल घेऊन, एकाच्या घरच्या वायफायवर बसून अकरा तिकिटं मिळवली आणि संध्याकाळी सगळी वरात माझ्या दुकानात. गोव्यात का नाही येत असले लोक, हा प्रश्न तेव्हाही निघालाच. गोव्यात म्युझिकला काय तोटा आहे, सनबर्न हा डीजेंचा फेस्टिव्हल २००७ ला आमच्या कांदोळीलाच तर सुरू झाला. पण डीजे पेनड्राइव्ह घेऊन येतो आणि असली टूर ट्रक घेऊन येते, लोखंड लाइट स्क्रीन सगळं. फातोर्ड्याचं स्टेडियम वीस हजारांच्या आतलं, एवढा खर्च त्यात निघणार कसा. म्हणून आम्ही नेहमी दुसऱ्या गावाला जाणारे प्रेक्षक, आणि हे सगळं प्रकरण त्याच एका गोष्टीचं आहे. दिल्लीतल्या मुलीला शो रद्द झाला तर तिकिटाचे पैसे मिळाले की विषय संपला. आमच्या मुलीचा तिथून सुरू होतो.

तर त्या संध्याकाळी मी काय सल्ला दिला? तोच जो काउंटरवर बसलेला कुणीही देईल. म्हणलं, दिवाळी २४ ऑक्टोबरला आहे, त्याच्या आठवडाभर आधी दिल्लीची भाडी आभाळाला भिडतात, आत्ताच काढा. सात जणांनी ऐकलं. ५ जूनला, रविवारी, गोव्याचा दाबोळी विमानतळ ते दिल्ली आणि परत, सगळ्यात स्वस्त भाडं, माणशी ११,८०० रुपये, नॉन रिफंडेबल. गोव्यातला दुसरा, मोपाचा विमानतळ तेव्हा चालू व्हायचा होता. सल्ला भाड्याच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर निघाला, ऑक्टोबरात तेच तिकीट बघितलं तेव्हा जवळजवळ दुप्पट होतं. पण मी भाड्याचा विचार केला, शोचा केलाच नाही. लग्नाला जाणाऱ्या माणसाला जो सल्ला द्यायचा तोच मी ह्यांना दिला. लग्नाची तारीख सहसा हलत नाही हो.

उरलेल्या चौघांचं काय? ते काही फार शहाणे होते असं नाही. त्यातल्या एकाचे वडील म्हणाले, विमान कसलं बोडक्याचं, गोवा एक्सप्रेस आहे ना, दोन रात्री झोपून जायचं. त्या पोराचे तीन जिगरी दोस्त, एक जाणार रेल्वेने तर आम्हीही रेल्वेने. आणि रेल्वेचं बुकिंग तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं, त्यामुळे १६ ऑक्टोबरच्या गाडीसाठी त्यांना १८ जूनपर्यंत थांबणं भागच होतं. ५ ते १८ जून, हे तेरा दिवस ह्या सगळ्या प्रकरणाचा कणा आहेत.

कारण त्या तेरा दिवसांत काय काय झालं बघा. ७ जूनला टोरांटोचा शो सुरू व्हायच्या काही तास आधी बीबरने पुढे ढकलला. आणि ११ जूनला सकाळी, म्हणजे तिकडे अजून दहा तारीख, त्याचा व्हिडिओ आला. भाची पावसात भिजत घरी आली, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीतूनच स्क्रीन दाबून तिने व्हिडिओ लावला. तो कॅमेऱ्यात बघून सांगतोय की चेहऱ्याची एक बाजू हलत नाही. एक डोळा मिटतो, दुसरा उघडाच. हसायला गेला तर अर्धंच तोंड हसलं. रामसे हंट सिंड्रोम म्हणाला. आम्हाला कुणाला काही कळेना. आमची आत्या, वय वर्षं चौऱ्याहत्तर, बाजूला बसून फणसाचे गरे काढत होती, तेल लावलेले हात तसेच ठेवून तिने मान वाकवून बघितलं आणि म्हणाली, "ह्याला कानात नागीण झालीय."

मी हसलो. मग सर्च केलं आणि हसू बंद झालं. बाईचं म्हणणं बरोबर होतं. कांजिण्यांचा जो व्हायरस लहानपणी येऊन जातो तो जात नाहीच, नसांमध्ये झोपून राहतो, आणि पुढे कधीतरी उठला की नागीण. तोच कानाजवळ चेहऱ्याच्या नसेवर उठला की त्याला रामसे हंट म्हणतात, तोंड वाकडं होतं, कान दुखतो, चक्करसुद्धा येते. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर बरं, नाहीतर सुधारायला महिने लागतात आणि काहींचं पूर्ण सुधारतच नाही. आत्याला स्वतःला कमरेवर नागीण झाली होती, सहा महिने कापड लागलं तरी आग व्हायची. ती म्हणाली, "उतरते, पण दगदग चालत नाही ह्यात. आणि हा तर नाचतो."

एवढं ऐकून मी सातांची तिकिटं रद्द करायला हवी होती का? केली असती तरी फारसं हातात येणार नव्हतं. एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटवर काढलेलं तिकीट, प्रवास सात दिवसांहून लांब असेल तर, चोवीस तासांत दंडाशिवाय रद्द करता यायचं असा तेव्हाचा नियम होता, पण आमचं एजंट पोर्टलवरचं आणि वर सहा दिवस उलटलेले. तारीख बदलायची तर दंड अधिक भाड्यातला फरक, आणि बदलून कुठली तारीख घेणार? शो अजून रद्द झालेलाच नव्हता. म्हणजे अडकलो होतो. ११ जूनलाच अडकलो होतो, फक्त कळायला सप्टेंबर उजाडला.

रेल्वेवाल्या चौघांनी मात्र १८ जूनला सकाळी मला फोन केला, मामा काढू की नको? भाचीमुळे सगळीच पोरं मला मामा म्हणतात. तेव्हा मी पहिल्यांदा नीट डोकं वापरलं. थर्ड एसीचं कन्फर्म तिकीट गाडीच्या ४८ तास आधी रद्द केलं तर तेव्हा कापायचे १८० रुपये आणि त्यावर पाच टक्के जीएसटी, झाले १८९. जाऊन येऊन ३७८. म्हणलं काढा, हे भाडं समजूच नका, हा जागा धरून ठेवायचा विसार समजा. आणि तुमच्याच आयडीवरून काढा, कारण बुकिंग उघडतं आठ वाजता आणि आम्हा एजंट लोकांना पहिली काही मिनिटं बंदी असते. आठ वाजून चार मिनिटांनी त्यांच्या चार सीट कन्फर्म. २१ ला परतीच्याही.

हॉटेलच्या बाबतीत मी शहाणपण केलं होतं, करोल बागेत फ्री कॅन्सलेशनवालं घेतलं होतं, त्यामुळे तो विषय इथेच संपला.

जून गेला, अमेरिकेतले उरलेले शो पुढे ढकलले गेले. मग ३१ जुलैला इटलीत लुक्का गावात तो परत स्टेजवर आला. भाचीचा रात्री बारा वाजता फोन, "मामा, गायला! तोंड सरळ आहे!" मी अर्धवट झोपेत, कुणाचं तोंड? ऑगस्टभर युरोपातले फेस्टिव्हल केले. ग्रुपमध्ये परत कपडे कुठले घालायचे वगैरे सुरू झालं. मला पण वाटलं, आत्या चुकली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी जी मला तेव्हा कळत नव्हती, की शोची तारीख म्हणजे सुटी तारीख नसते, ती माळेतला मणी असते. सप्टेंबरात ब्राझील आणि दक्षिण अमेरिका, मग दक्षिण आफ्रिका, ५ ऑक्टोबर बहारीन, ८ आणि ९ दुबई, १३ तेल अवीव, १८ दिल्ली, तिथून पुढे मलेशिया, फिलिपाइन्स, २ आणि ३ नोव्हेंबरला जकार्ता. २०१७ मध्येही हाच रस्ता होता, ३ मे तेल अवीव, ६ मे दुबई, १० मे नेरूळ. सामान विमानाने आणि बोटीने पुढे पुढे सरकत असतं, माणसं शेकड्यांनी, आणि सगळी माळ ओवलेली असते एका माणसाच्या शरीरात. दुबईच्या ट्रकचा टायर पंक्चर झाला तर दुसरा ट्रक मिळतो, नागीण झालेल्या नसेला स्पेअर नाही. त्यामुळे आयोजक गायक येऊ न शकल्याच्या जोखमीचा विमा काढू शकतात, गायकाच्या बाजूने पण काढतात. प्रेक्षकाला तिकिटाची रक्कम परत मिळते. प्रवास करून येणाऱ्या प्रेक्षकाला? आपल्याकडचा ट्रॅव्हल इन्शुरन्स साधारणपणे तुम्ही आजारी पडलात तर पैसे देतो, गायक आजारी पडला तर नाही. साखळीत ही एकच कडी उघडी, आणि तिथे फोंड्याची पोरं उभी.

४ सप्टेंबरला तो ब्राझीलच्या रिओत गायला, रॉक इन रिओ फेस्टिव्हलमध्ये. ६ सप्टेंबरला जाहीर केलं की त्या शोनंतर स्टेजवरून उतरल्यावर थकव्याने पुरता ढेपाळलो, आता टूर थांबवतोय.

आमच्याकडे चवथीचे दिवस. ३१ ऑगस्टला गणपती बसलेले, आमचा सात दिवसांचा, म्हणजे ६ लाच पोचवला. रात्री उशिरापर्यंत घुमट ह्या मातीच्या वाद्यावर आरत्या, सगळ्यांचे घसे बसलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळांची सजावट, सोडवत होतो, शिडीवर उभा, हातात तोरिंजनाचं फळ, आणि खाली भाची येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मोबाइल वर धरला फक्त. मी शिडीवरूनच वाचलं. आत्या आतून म्हणाली, काय झालं? भाची म्हणाली, "काही नाही आजी, तू म्हणाली होतीस ना ते."

दिल्लीचा शो रद्द झाल्याचं आयोजकांनी कळवलं, रिफंड दहा कामाच्या दिवसांत म्हणाले आणि आला. तिथे कुणाला बोट ठेवायला जागा नाही.

मग संध्याकाळी आमच्या सोप्यावर सभा भरली. रेल्वेवाले चौघे आधीच तिकीट रद्द करून आले होते, खिशात हात घालून उभे, चेहऱ्यावर उगाच सहानुभूती. विमानवाल्या सातांना मी खरं ते सांगितलं. नॉन रिफंडेबल तिकिटावर मूळ भाडं जातं, पण विमानतळाचे चार्जेस आणि सरकारी टॅक्स ही रक्कम परत द्यावीच लागते, हे पुष्कळ लोकांना माहीत नसतं आणि मागितल्याशिवाय सहज मिळतही नाही. ते माणशी साधारण दीड हजार बसत होते. म्हणजे रद्द केलं तर ११,८०० मधले १०,३०० गेले.

एका मुलाचे वडील दुसऱ्या दिवशी दुकानात आले. आवाज चढवला नाही, पण म्हणाले, "तुम्ही काढा म्हणालात म्हणून काढलं, भाऊ." ह्यावर काय बोलणार. मी सातही जणांचा माझा सर्व्हिस चार्ज, माणशी २५०, परत केला. त्यांनी ते पैसे मोजून घेतले आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. टॅक्सचे पैसे यायला मात्र पाच आठवडे लागले, एअरलाइनच्या पोर्टलवर तीनदा तक्रार टाकावी लागली.

तर शेवटचा हिशोब. सातांपैकी चौघांनी रद्द केलं, ४७,२०० मधले ६,००० आले, ४१,२०० बुडाले. रेल्वेच्या चौघांचे मिळून १,५१२ कापले गेले, वर बुकिंगची किरकोळ फी. आणि सातांतले उरलेले तीन? त्यात माझी भाची. ते म्हणाले तिकीट जाणारच आहे तर आम्ही जातो.

गेले. बीबरशिवाय बीबरच्या शोला गेले. लाल किल्ला बघितला, छोले भटुरे खाल्ले, आणि १८ ऑक्टोबरला संध्याकाळी मेट्रोच्या व्हायोलेट लाइनने जेएलएन स्टेडियम स्टेशनवर उतरले. शोला घालायचे ठरवलेले कपडे घालून. गेट बंद. वॉचमनने विचारलं कुठे जायचंय, भाची म्हणाली आज इथे शो होता. तो म्हणाला इथे आज काहीच नाही, मॅचसुद्धा नाही. मग तिघं फुटपाथवर बसली, एका मोबाइलवर गाणी लावली, एकच इअरफोन, त्यामुळे एक जण नेहमी नुसता बघत. वीस मिनिटांनी पोलिसाने उठवलं. त्या बंद गेटचा फोटो तिने मला पाठवला, खाली लिहिलं होतं, मामा, फर्स्ट रो. २० ला परत आली ती थेट वाड्यावरच्या दिवाळीच्या नरकासुराच्या पुतळ्याच्या कामाला लागली, कागद चिकटवत.

टूर पुढे रीतसर संपली ती १ मार्च २०२३ च्या सुमारास, उरलेल्या सगळ्या तारखा रद्द करून. त्याच्या आधी जानेवारीत त्याने २०२१ पर्यंतच्या गाण्यांचे आपले हक्क विकून टाकले, वीस कोटी डॉलरच्या आसपास अशा बातम्या होत्या. त्याचं बरं झालं म्हणायचं.

माझ्या काउंटरवर काय बदललं ते सांगतो. कुणी शोसाठी जातोय म्हणाला की मी पहिलं विचारतो, टूर सुरू होऊन किती दिवस झाले आणि आपला नंबर कितवा? दुसरं, मागच्या टूरला ह्याने काय केलं होतं? २०१७ चं उत्तर माझ्या डोळ्यासमोर होतं, उरलेले शो रद्द, पण मी बघितलंच नाही, तेव्हा नेरूळचा नंबर लागून गेला होता म्हणून वाचलो. मग रेल्वे किंवा बस धरून ठेवायची आणि विमान शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, महाग पडलं तर पडलं. लोकांना पटत नाही. भाड्याचे जास्त पैसे देताना जीव जातो, दहा हजार बुडायची शक्यता दिसत नाही. आता रेल्वेचं बुकिंगही नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आलंय, त्याचा गिऱ्हाइकांना राग, मला बरं वाटतं, तेवढीच पोरं उशिरा अडकतात. ३० जानेवारी २०२५ ला इंग्लिश गायक एड शीरन पुण्यात आला तेव्हा भाचीच्या ग्रुपमधले सहा जण गेले, सगळे रात्रीच्या बसने, बसची तिकिटं आठ दिवस आधी. ते शीरनसाठी, भाची गेली नाही.

त्याच्या आदल्या जुलैत, २०२४ च्या, बीबर मुंबईत आला होता. अंबानींच्या घरच्या लग्नाच्या संगीतला. तिकीट नाही, तारीख जाहीर नाही, काही नाही, आला आणि गायला. भाचीने मला त्या रात्रीची क्लिप पाठवली आणि मागोमाग मेसेज, "मामा, पोस्टात बघ ना जरा, आपली पत्रिका आली असेल."